ठराव सातवा

मौजा हिवरमाथा, तहसील उमरेड, जिल्हा नागपूर.
पंचायतीची सभा शाळेच्या ओट्यावर भरली.
हजर पाच, पैकी एक झोपलेले.
हे शेवटचं मी लिहिलं नाही.

मी शाळामास्तर. दप्तर माझ्याकडे,
कारण गावात धड टाक माझ्याचकडे
आणि शाई पोरांच्या दौतींतून उसनी घेता येते.
महिना दोन रुपये मंजूर.
मिळाले नाहीत, पण मंजूर.

ठराव पहिला: गावासाठी एक कंदील घ्यावा.
इतवारीतून आणला, चार रुपये सहा आणे,
काच तणसात गुंडाळून, अख्खी वाट
मांडीवर धरून, तापातलं लेकरू धरावं तसा.

ठराव दुसरा: तो लावावा कुठे.
इथे पाच सभा गेल्या.
यादोराव मालगुजार म्हणाले, आमच्या फाटकाशी,
साहेब आला तर तिथेच उतरतो.
महागू तेली म्हणाला, विहिरीवर,
पहाटे बाया घसरून पडतात.
झिबल चौधरी म्हणाले,
"इतके वर्सं अंधारात राह्यलो, मेलो काय बाप्पा?"
झोपलेले जागे होऊन म्हणाले, मान्य.
काय मान्य, ते कुणी विचारलं नाही.

दर सभेला पैकू कोतवाल कंदील घेऊन यायचा,
ओट्याच्या कडेवर ठेवायचा, न पेटवलेला,
पुराव्यादाखल,
आणि खाली कडुनिंबाशी उभा राहायचा.
सभेची दवंडी त्याची. सभा आमची.

शाळेत उंदीर, मालगुजाराकडे बाकीच्यांचा नकार,
म्हणून ठराव पाचवा:
जागा ठरेतो कंदील कोतवालाच्या घरी राहावा.
पेटवू नये.

पौषातली रात्र. फाटकाशी काठी वाजली.
"मास्तर, सून अडली जी. भागी सुईण म्हंते, उजेड पायजे.
ठराव होईन काय?"
सतरा वर्षं पोरांचे ऱ्हस्वदीर्घ सुधारणारा मी
उशीखाली चष्मा चाचपत राहिलो.
सापडला तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं.

मग गावाच्या त्या टोकाला
पणतीहून मोठं काही पेटलं.
मी अंगणातच उभा राहिलो, घोंगडीत.
थंडी होती म्हणून आत जावं, तर जाववेना.
उजेडात एकेक भिंत वर आली,
एकेक कूड, एकेक रांजण.
मी घरं मोजली. अकरा.
माझ्या वहीत नऊ होती.

पुढच्या सभेत यादोरावांनी कंदील कानाशी धरून हलवला.
वात काळी. तेल तळाला.
चौघांनी ओट्याखाली पाहिलं.
पैकूने आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे.
मी टाक बुडवला आणि लिहिता लिहिता वाचलं:
ठराव सातवा. साठ्यात मातीचे तेल अर्धी बाटली कमी आढळले.
कारण, उडून गेले.

कुणी बोलेना.
मग ज्याचा जन्म घाण्यापाशी गेला तो महागू खाकरला,
"उडते. मातीचं तेल उडते."
तीन सह्या, दोन अंगठे.

चैत्रात वही नागपूरहून तपासून आली.
समासात लाल शाई:
तेल उडते कसे, खुलासा करावा.
मी लिहिलं, इकडील ऊन आपणास विदितच आहे.
वर तारीख पौषातली होती.
पुन्हा कुणी विचारलं नाही.

कंदिलाचा खांब अजून ठरायचा आहे.
पैकूचा नातू रांगत ओट्यापर्यंत येतो,
वर घेत नाहीत.

आणि एक नोंद, सभेपुढे न आलेली:
घरपट्टीच्या वहीत नऊ खोडून अकरा केले.
दिसली ती घरं, म्हणून लिहिली.
आता त्या दोन घरांनाही
सालीना आठ आणे भरावे लागतील.
तेही माझ्याच अक्षरात.